नंबर तोच, कंपनी नवी: मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी कशी चालते, कुठे अडते

दूरसंचार क्षेत्र खुलं झालं त्याचा ग्राहकाला सगळ्यात मोठा फायदा कोणता, असं विचारलं की बहुतेक जण स्वस्त कॉल आणि स्वस्त डेटा म्हणतात. माझं उत्तर नंबर पोर्टेबिलिटी. दर आज उतरतात, उद्या चढतात. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच वेळी ते चढवून दाखवले. नंबर न सोडता कंपनी सोडण्याचा हक्क मात्र नियमात लिहिलेला आहे आणि कंपनीच्या मर्जीवर तो अवलंबून नाही. आज देशभरात महिन्याला एक कोटीहून जास्त पोर्टिंगच्या विनंत्या येतात. इतकी वापरली जाणारी ही सेवा पाचपैकी चार गुणांची आहे. पाचवा गुण कुठे जातो, ते पुढे येईलच.

आधी ती का लागली ते पाहू. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता ते दिल्ली असा देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. सुरुवातीला प्रत्येक सर्कलमध्ये (म्हणजे परवान्यासाठी आखलेल्या विभागात) दोनच खासगी कंपन्यांना परवाने होते. मुंबई हे वेगळं सर्कल, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. कॉलचा दर मिनिटाला १६ रुपयांच्या घरात, आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. १९९७ मध्ये ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था आली, १९९९ च्या धोरणाने ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात झाली, कंपन्या वाढल्या, २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. स्पर्धा वाढली तरी जुना ग्राहक अडकलेलाच राहिला. नंबर दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत, बँकेच्या खात्यात गेलेला. तो सोडणं म्हणजे ओळख सोडणं. २००९ मध्ये पोर्टेबिलिटीचे नियम आले, २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सेवा सुरू झाली, २० जानेवारी २०११ ला देशभर. त्यातही एक अडचण उरली होती: पोर्टिंग फक्त आपल्याच सर्कलमध्ये. ३ जुलै २०१५ पासून तीही गेली, म्हणजे मुंबईचा नंबर नागपुरात किंवा बेळगावात राहून तिथल्या कंपनीकडे नेता येतो.

आता प्रत्यक्ष काम. जो नंबर न्यायचा त्याच सिमवरून १९०० वर एसएमएस पाठवायचा: इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, एक जागा सोडून दहा आकडी नंबर. शून्य किंवा ९१ पुढे लावू नका, मजकुरात दुसरं काही घालू नका. अटी पूर्ण असतील तर आठ अक्षरी-आकडी पोर्टिंग कोड येतो, ज्याला यूपीसी म्हणतात. पहिलं अक्षर जुन्या कंपनीचं, दुसरं सर्कलचं. हा कोड चार दिवस टिकतो. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत ३० दिवस. कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं, आधार किंवा चालणारा दुसरा ओळखपुरावा द्यायचा, फोटो काढू द्यायचा, नवं सिम घ्यायचं. कोड हाताने उतरवताना इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक यांची गल्लत होते, म्हणून दुकानदाराला मूळ मेसेजच दाखवा. पोर्टिंगचं शुल्क सुरुवातीला १९ रुपयांपर्यंत होतं, आता ६.४६ रुपये आहे आणि बहुतेक वेळा नवी कंपनीच ते सोसते. त्याहून जास्त ‘पोर्टिंग चार्ज’ मागणाऱ्या दुकानदाराला पावती मागा.

सर्कलच्या आत तीन कामाचे दिवस, सर्कल बदलत असेल तर पाच. सुट्ट्या यात धरत नाहीत, त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर दिलेला अर्ज रखडलेला वाटतो तेव्हा आधी कॅलेंडर बघावं. विचार बदलला तर अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत त्याच १९०० वर इंग्रजीत कॅन्सल आणि नंबर पाठवून माघार घेता येते.

ही सगळी सुधारित पद्धत १६ डिसेंबर २०१९ पासूनची आहे, आणि सेवेला चार गुण मिळतात ते या बदलामुळे. त्याआधी यूपीसी जुनी कंपनी स्वतःच देत असे. कोड मिळायचा, ग्राहक नवं सिम घ्यायचा आणि मग चार-सहा दिवसांनी ‘नामंजूर’ असा मेसेज यायचा. आता मधली पोर्टिंग संस्था (देशाचे दोन विभाग करून अशा दोन संस्था नेमल्या आहेत) आधी जुन्या कंपनीच्या यंत्रणेला विचारते आणि अटी पूर्ण असतील तरच कोड तयार करते. म्हणजे नकार मिळायचा असेल तर तो दुकानात जाण्याआधीच मिळतो. चुकीच्या कारणाने नाकारलं तर जुन्या कंपनीला प्रत्येक नकारामागे दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नकाराची कारणं मोजकी आहेत आणि बहुतेक आधीच टाळता येतात. सगळ्यात जास्त अडवतो तो ९० दिवसांचा नियम: सिम सुरू झाल्यापासून किंवा मागच्या पोर्टिंगपासून ९० दिवस व्हायला हवेत. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर पुष्कळ लोक बीएसएनएलकडे गेले. तेव्हा तिचं ४जी जाळं उभं राहतच होतं. देशभरातल्या जाळ्याचं उद्घाटन झालं २७ सप्टेंबर २०२५ ला. ज्यांच्या गावात नेट चाललं नाही त्यांना परत फिरायला तीन महिने थांबावं लागलं. पोस्टपेड असेल तर निघालेलं आणि मुदत उलटलेलं बिल भरलेलं हवं. बिल भरून तासाभरात एसएमएस केला तर यंत्रणेत ते अजून चढलेलं नसतं आणि कोड नाकारला जातो. एक दिवस जाऊ द्या. नाव बदलण्याचा अर्ज चालू असेल, नंबरावरून कोर्टात वाद असेल, कंपनीशी केलेल्या करारातली देणी बाकी असतील, तरीही थांबावं लागतं.

एक नियम मात्र लोकांना फारसा माहीत नाही. हरवलेल्या किंवा बिघडलेल्या सिमच्या जागी नवं घेतलं असेल, तर सात दिवस कोड मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून हे लागू आहे. कारण भामट्यांचं: दुसऱ्याच्या नंबराचं डुप्लिकेट सिम काढायचं, लगेच पोर्ट करायचं आणि ओटीपी आपल्याकडे वळवायचे. फोन चोरीला गेल्यावर ‘आता कंपनीच बदलू’ असं मनात आलं, तरी आधी जुन्याच कंपनीचं सिम घ्यावं लागतं आणि आठवडाभर थांबावं लागतं. गैरसोय होते, पण हा नियम योग्य आहे.

१९०० वरचा एसएमएस हा या साखळीतला कच्चा दुवा होता. २०२१ मध्ये कमी किमतीच्या काही प्लॅनमधून एसएमएसच काढून टाकले होते. मेसेज जात नाही म्हणजे कोड नाही, कोड नाही म्हणजे पोर्टिंग नाही. ७ डिसेंबर २०२१ ला ट्रायने आदेश दिला की प्रीपेड असो वा पोस्टपेड, प्लॅन कुठलाही असो, १९०० वरचा मेसेज गेलाच पाहिजे. तेव्हा ‘मोठा रिचार्ज मारा, मग कोड मिळेल’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मात्र रिचार्ज संपल्यावर महिनोन्‌महिने नंबर पडून राहू देऊ नका. ९० दिवस काहीच वापर नसलेला नंबर कंपनी बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर पोर्ट होत नाही.

कोड काढला की जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात: थांबा, खास प्लॅन देतो. ऐकायला हरकत नाही. कोड न वापरल्यास चार दिवसांनी आपोआप मरतो, नंबराला धक्का लागत नाही. पण तोंडी सांगितलेला प्लॅन मेसेजमध्ये आल्याशिवाय मान्य करू नका.

बदलाची तारीख-वेळ मेसेजने कळते. बहुधा रात्री जुन्या सिमची रेंज जाते, मग नवं घालायचं. मधले काही तास नंबर बंद असतो. इथे यंत्रणा कशी चालते ते कळलं तर पुढची अर्धी धास्ती कमी होते. प्रत्येक कंपनीकडे पोर्ट झालेल्या नंबरांची यादी असते. कॉल जोडण्याआधी ती तपासली जाते आणि नव्या कंपनीचा रूटिंग क्रमांक तुमच्या नंबरापुढे लावून कॉल तिकडे पाठवला जातो. ज्याची यादी ताजी झाली नाही, त्याच्याकडून येणारा कॉल किंवा मेसेज जुन्या दारावर जाऊन अडतो. म्हणून शेजाऱ्याचा फोन लागतो पण बँकेचा ओटीपी येत नाही, असं होतं. बदलाच्या दिवशी तत्काळ तिकीट, परीक्षेचा फॉर्म, मोठा बँक व्यवहार ठेवू नका. नवं सिम चालू झाल्यावर प्रत्येक कंपनीच्या एकेका फोनवरून स्वतःला कॉल आणि मेसेज करून बघा. एकाच नेटवर्कवरून अडत असेल तर तक्रार नव्या कंपनीकडे करा, सोबत कॉल करणाऱ्याचा नंबर आणि वेळ द्या. नुसतं ‘फोन लागत नाही’ म्हटलं तर तक्रार पुढे सरकत नाही. यूपीआय अॅप सिम बदललं म्हणून पुन्हा नोंदणी मागेल, त्यासाठी सिममधून मेसेज जाईल एवढं बॅलन्स असू द्या. रिचार्ज करताना अॅप नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून जुनीच कंपनी धरतं; कंपनी हाताने निवडा, नाहीतर पैसे लटकतात.

जुन्या सिममधलं बॅलन्स आणि उरलेली वैधता सोबत येत नाही. वर्षाचा रिचार्ज मारून दोन महिन्यांनी पोर्ट केलात तर दहा महिने गेले, म्हणून कोड प्लॅन संपण्याच्या चार-पाच दिवस आधी मागवा. पोस्टपेडचं शेवटचं बिल पोर्टिंगनंतर येतं. ते भरलं नाही तर जुनी कंपनी नव्या कंपनीला सांगून नंबर बंद करवू शकते. पावती जपा.

कुठे जायचं, हा प्रश्न नियमांनी सुटत नाही, आणि पाचवा गुण इथे जातो. २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, २०१६ मध्ये जिओ आली, त्यानंतर एकामागून एक कंपन्या गेल्या. २०१८ च्या सुरुवातीला एअरसेलने महाराष्ट्रातली सेवा गुंडाळली तेव्हा याच पोर्टिंगने लोकांचे नंबर वाचवले. त्याच वर्षी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आज तीन खासगी आणि एक सरकारी, एवढीच निवड. पुण्या-नाशकात चारही चालतात. ताम्हिणी, आंबोली किंवा कोकणातल्या खोलगट वाडीत बहुधा एक-दोनच, आणि तिथे कंपनी बदलण्याचा हक्क कागदावर राहतो.

म्हणून आधी चाचणी करा. कंपन्यांना आता कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. ते बघा, पण ते उघड्यावरच्या रेंजचे असतात, जांभ्याच्या भिंतीआड काय होतं ते दाखवत नाहीत. त्या कंपनीचं वेगळं प्रीपेड सिम घेऊन २८ दिवस घरात, शेतावर, रोजच्या रस्त्यावर वापरा. फोनही तपासा. जिओला २जी नाही, त्यामुळे आजी-आजोबांचा जुना बटनांचा फोन तिथे चालणार नाही. ४जी व्होएलटीई (४जी जाळ्यावरूनच कॉल करण्याची सोय) असलेलाच हवा. एअरटेल, व्हीआय (व्होडाफोन-आयडिया), बीएसएनएलवर तो जुना फोन चालतो. ५जी साठी जिओला ‘एसए’ प्रकार (४जीचा आधार न घेणारं ५जी) चालणारा हँडसेट लागतो.

परदेशात राहणाऱ्यांना एक सूचना. बँकेसाठी भारतातला नंबर ठेवला असेल आणि कंपनी बदलायची असेल, तर सुट्टीवर आल्या आल्या कोड मागवा. फोटो आणि ओळखपडताळणी इथेच होते आणि पाच कामाचे दिवस परतीच्या विमानाआधी बसले पाहिजेत. ऑफिसचे नंबर एकाच अधिकारपत्रावर १०० पर्यंत नेता येतात. त्यांनाही पाच कामाचे दिवस लागतात.

तक्रार आधी कंपनीच्या कस्टमर केअरकडे करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. निकालाची मुदत ३९ दिवस. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिला लिहिण्यात वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. दूरसंचारची तक्रार तिथे चालणार नाही असा कंपन्यांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ ला फेटाळला. तिथे जाताना यूपीसीचा मेसेज, नकाराचा मेसेज, बिलाची पावती आणि डॉकेट नंबर या चार गोष्टींचे स्क्रीनशॉट न्या. जुना फोन विकण्याआधी ते दुसरीकडे साठवून ठेवा.