ट्रंक माळ्यावर ठेवायची की विद्यापीठात द्यायची?

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातलं आमचं घर खालून पूर्ण बुडालं, माळा तेवढा कोरडा राहिला, आणि माळ्यावर होती जुन्या कागदांनी भरलेली पणजोबांची लोखंडी ट्रंक. जिल्हा नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं त्या आठवड्यात चिखलात गेली. आमची ट्रंक वाचली ती केवळ कुणी कधी खाली आणली नव्हती म्हणून. आळसाने वाचली म्हणा ना.

पाणी ओसरल्यावर चुलतभाऊ म्हणाला, "दे टाकून विद्यापीठाला. घरात ठेवून काय लोणचं घालायचंय?" आत्याने तिथल्या तिथे सुनावलं, "आईची पत्रं कुणीबी वाचणार व्हय रे?" या दोन वाक्यांच्या मधे आम्ही दोन-अडीच वर्षं घालवली. त्या काळात जे कळलं ते इथे मांडतो, कारण सांगली-साताऱ्यात अशा ट्रंका घरोघरी आहेत आणि पुढचा पूर काही विचारून येणार नाही.

आधी ट्रंकेत काय होतं ते सांगतो, कारण निम्मा निर्णय त्यावरच ठरतो. हळदीच्या अडतीच्या कीर्द-खतावण्या, म्हणजे जमाखर्चाच्या वह्या, काही मोडीत, काही बाळबोध म्हणजे देवनागरीत. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, कुणाची किती पोती उतरली त्याच्या नोंदी. तालीम मंडळाचं इतिवृत्ताचं पुस्तक, कारण आजोबा चिटणीस होते. आजीला माहेरून आलेली पत्रं. जमिनीची खरेदीखतं, शाळेचे दाखले. आणि बेचाळीस नंतरच्या धामधुमीतले चार-पाच कागद, ज्यांवर सही नाही पण अक्षर ओळखीचं आहे. एकाच ट्रंकेत असले तरी हे सगळे एका जातीचे कागद नाहीत. 'ट्रंक द्यायची का' हा प्रश्नच त्यामुळे चुकीचा होता. कोणता कागद कुठे, असं विचारायला हवं होतं.

घराच्या बाजूने बोलायचं तर पहिला मुद्दा कागदाचाच. काजळीच्या शाईने हातकागदावर बोरूने लिहिलेल्या जुन्या चोपड्या आमच्याकडे आजही काळ्याभोर आहेत. उलट १९५०-६० सालचे गिरणीच्या कागदावरचे हिशेब पिवळे पडून कडेने पापडासारखे मोडतात. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असतं, ते कागदाला आतून खातं. म्हणजे पणजोबांचं टिकलं आणि वडिलांचं हातचं चाललंय. बहुतेकांना वाटतं मोडी कागद नाजूक, म्हणून आधी ते वाचवावेत. घाई खरं तर वडिलांच्या फायलींची असते.

घरातला दुसरा शत्रू म्हणजे घरातली हौस. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून जुना कागद लॅमिनेट करून आणणं हा त्या कागदावर केलेला शेवटचा अन्याय. ते प्लॅस्टिक पुन्हा सुखरूप निघत नाही. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन आरपार उतरतो. टाचण्या गंजतात. आमच्याकडे पत्रांच्या गठ्ठ्याला स्टीलचा चिमटा होता, त्याचा गंज तीन पत्रांतून खाली गेला होता. दप्तर सुती रुमालात बांधून ठेवायची जुनी पद्धत याहून शहाणी: हवा खेळते, धूळ बसत नाही. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, रुमाल सोडून वाळवी-कसर लागली का ते पाहिलं की झालं. कागद उन्हात मात्र टाकायचे नाहीत, सावलीतच.

पण घराची खरी कमजोरी वेगळी आहे. आमच्या पिढीत मोडी कुणाला येत नाही, पुढची पिढी पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आहे, आणि आत्या ऐंशीच्या पुढे. ज्या दिवशी घर बिल्डरला जाईल त्या दिवशी ट्रंक रद्दीत जाईल की टेम्पोत, हे त्या दिवशी घरात कोण आहे त्यावर ठरेल. सातारा-सांगलीकडे वाड्यांतली किती दप्तरं गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत गेली आणि किती नंतर किलोच्या भावाने, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

आता विद्यापीठ. आपल्याला जवळचं म्हणजे कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, १९६२ सालचं. राजर्षी शाहूंची कागदपत्रं खंडांच्या रूपात छापण्याचं काम तिथल्या शाहू संशोधन केंद्राने केलं. विद्यापीठात कागद दिला की मिळतं काय? कोरडी खोली आणि कपाट तर मिळतंच, पण कपाट घरीही घेता येतं. खरी मिळकत म्हणजे शेजार. आमची पेवांची वही एकटी असेल तर ती जुनी वही. तिच्या शेजारी दुसऱ्या अडत्याची वही, रेल्वेच्या पावत्या, बाजार समितीचे अहवाल आले की हळदीच्या व्यापाराचा इतिहास लिहिता येतो. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळामास्तर होते. पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्या दप्तरातले कागद त्यांनी वाचले, लावले आणि १८९७ पासून छापायला घेतले, म्हणून उत्तर पेशवाई आपल्याला इतकी तपशीलवार कळते. वाड्यात ते कागद तोवर सुरक्षितच होते. वाचले जात नव्हते, एवढंच.

विद्यापीठाच्या उण्या बाजूही लख्ख सांगायला हव्यात. पुष्कळ ठिकाणी अभिलेखागार म्हणजे एका तळमळीच्या प्राध्यापकाचा उत्साह असतो. ते निवृत्त झाले की किल्ली कुणाकडे, हे शिपायालाही माहीत नसतं. आमच्या काकांनी एका संस्थेला (नाव घेत नाही) मंडळाच्या जुन्या फोटोंचा अल्बम दिला होता. आठ वर्षांनी बघायला गेलो तर तो सापडेना, आणि दिल्याची पोचही आमच्याकडे नव्हती. तेव्हापासून मी कुठेही गेलो तरी इमारत बघत नाही, चारच गोष्टी विचारतो: या कामाला कायम पदावरचा माणूस आहे का, आवक नोंदवही दाखवता का, यादी बाहेरच्याला बघायला मिळते का, आणि वाचायला बसायची जागा कुठे. तिसऱ्या प्रश्नाला 'सध्या काम चालू आहे' असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत यावं.

अंतराचाही मुद्दा आहे, आणि त्यावर साताऱ्याचं उदाहरण बोलकं आहे. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांनी आयुष्यभर जमवलेला ऐतिहासिक संग्रह साताऱ्यात होता. १९३९ साली तो पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. सातारकरांना ते लागलं असणार, आणि लागावंच. आपल्या गावचा कागद बघायला पुण्याला जायचं म्हणजे काय! पण देशोदेशीचे अभ्यासक तो संग्रह आज वापरतात, हेही खरं. कोल्हापूर सांगलीपासून पन्नासेक किलोमीटर. सातारकराला मात्र कोल्हापूर आणि पुणे जवळपास सारखेच पडतात, त्यामुळे त्याने अंतरावर न जाता संग्रहाच्या जातीवर ठरवावं. माझं मत असं: शिवकाल-पेशवाईतला मोडी कागद असेल तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ बरं, १९१० पासून त्यांचा हात त्यात बसलेला आहे. विसाव्या शतकातलं, म्हणजे सत्यशोधक जलसे, सहकारी सोसायट्या, वसतिगृहं, तालमी, अडती, नाना पाटलांचं प्रतिसरकार, असं असेल तर विद्यापीठ. तिथे रोज नवा एम.ए.-पीएच.डी.चा विद्यार्थी विषय शोधत येत असतो.

नुसतं स्कॅन करून मूळ घरी ठेवणं हाही मार्ग आहे. ब्रिटिश लायब्ररीचा एंडेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅम २००४ पासून जगभर तेच करतो: मूळ कागद त्याच देशात, प्रती सर्वांना खुल्या. घरच्या घरी करायचं असेल तर मोबाइलच्या फोटोवर भागवू नका. सपाट स्कॅनर, ३०० ते ४०० डीपीआय, फोटोंना ६००, आणि प्रती दोन वेगळ्या गावांत. एका पुरात दोन्ही जाऊ नयेत, एवढाच त्यातला अर्थ. फक्त स्कॅनला 'जतन झालं' म्हणून मूळ कागद टाकून देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याशी काय बोलणार?

काही कागद मात्र कुठेही देऊ नयेत. खरेदीखत, वाटणीपत्र, शाळेचा दाखला, मोडीतला जन्ममृत्यूचा उतारा. जात पडताळणीला पणजोबांचा दाखला लागला की मग माणूस घरभर शोधत बसतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारने समिती नेमली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांच्या दारात रांगा लागल्या होत्या. असे कागद घरीच, प्रत हवी तर संस्थेला.

सगळ्यात अवघड गेलं ते तालमीचं इतिवृत्त. ते आमच्या ट्रंकेत होतं म्हणून आमचं होत नाही. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर विश्वस्तांचा ठराव हवा, नसेल तर चार जुन्या घरांना विचारायला हवं. शिवाय आत काय आहे? कुणाला दंड झाला, कुणाला आखाड्यात येऊ दिलं नाही, वर्गणीत कुणी हात मारला. त्या माणसांचे नातू त्याच गल्लीत राहतात. बेचाळीस नंतरच्या कागदांचं तर विचारूच नका. प्रतिसरकारचा कारभार १९४३ ते ४६ या भागात चालला, गावोगावी निवाडे झाले, शिक्षा झाल्या. ज्याला शिक्षा झाली त्याचं घर आणि ज्याने दिली त्याचं घर, दोघांची शेतं आजही एका बांधावर आहेत. (तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, सगळा सातारा. दक्षिण सातारा १९४९ ला निघाला, सांगली हे नाव १९६० ला मिळालं. म्हणून आपल्याकडचा जुना कागद 'सातारा' या नावाखालीही शोधावा.)

अशा कागदांसाठी घर आणि विद्यापीठ यांत मी विद्यापीठच निवडेन, कारण तिथे कागद बंद ठेवता येतो. अमुक साल उजाडेपर्यंत कुणालाही दाखवू नये, अशी अट लेखी घालता येते. घरात असला की तो एक तर लपवला जातो किंवा भावकीच्या भांडणात बाहेर निघतो.

अटींवरून आठवलं. देताना बक्षीसपत्र करावं. जंगम वस्तू असल्याने ताबा दिला की दान होतं, नोंदणी सक्तीची नाही; पण कागदावर असलेलं बरं. आत्याच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळालं. आलेल्या पत्राचा कागद आपला असतो, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. आजीच्या भावाने लिहिलेली पत्रं आम्ही देऊ शकतो, पण 'छापा खुशाल' असं लिहून देऊ शकत नाही. हे ऐकून आत्या म्हणाली, "मग मामाच्या नातवाला इचारा की." विचारलं. त्याला अशी पत्रं आहेत हेच ठाऊक नव्हतं. वाचून तो रडला आणि म्हणाला, थांबा. थांबलो.

तर पत्रं, दाखले आणि खरेदीखतं घरी राहिली. चोपड्या, पेवांची वही, इतिवृत्त आणि ते बिनसहीचे कागद दिले. शेवटचे दोन्ही काही वर्षं बंद ठेवण्याच्या अटीवर. देण्याआधी चार महिने दर रविवारी आत्याला बसवून फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहून घेतली. पेनने नाही, शाई पुढे उतरते. गठ्ठ्यांचा क्रम आजोबांनी लावला होता तसाच ठेवला. तारखेनुसार लावायची मला फार खुमखुमी होती, पण कुठला कागद कुठल्याच्या बरोबर बांधला होता हीसुद्धा माहितीच असते.

कुठे दिले ते लिहीत नाही. काउंटरवर पोच मिळाली, तिच्यावर 'एक ट्रंक, जुने कागद' इतकंच होतं. चुलतभावाने ती परत सरकवली आणि आमची सतरा पानांची यादी काढली. "हिच्यावर शिक्का मारा," म्हणाला. समोरच्या बाईंनी घड्याळ बघितलं, मग यादी, आणि पहिल्या पानापासून मोजायला घेतलं.