यूट्यूबच्या कमाईचं इन्कम टॅक्स रिटर्न : बारामतीतल्या आमच्या सीए मॅडमकडचा अनुभव

माझं शेती अवजारांचं चॅनल आहे, पॉवर वीडर (तण काढायचं मशीन), ब्रश कटर (गवत कापायचं मशीन), बॅटरीवरचे फवारणी पंप असलं सगळं रानात चालवून दाखवतो. पैसे तीन वाटांनी येतात, गुगलकडून ॲडसेन्सचे म्हणजे व्हिडिओवरच्या जाहिरातींचे डॉलर, कंपन्यांचे प्रमोशनचे, आणि कधीकधी पैशांऐवजी थेट मशीनच. हे तिन्ही एकत्र समजून घेणारा सीए तालुक्याच्या ठिकाणी पटकन सापडत नाही म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. मॅडमचं नाव टाकत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. पण त्या काय काय बघतात हे वाचलंत तर तुमच्या गावातल्या सीएला यूट्यूबचं काम जमतं का ते तुम्हाला दोन मिनिटात ओळखता येईल.

आधी मी एका स्वस्तातल्या ऑनलाइन सर्व्हिसकडून रिटर्न भरून घ्यायचो. त्यांनी सगळी कमाई सरळ "इतर उत्पन्न" मध्ये टाकली, म्हणजे खर्च शून्य, माईक, एडिटर, पेट्रोल काहीच धरलं नाही, आणि अमेरिकेत कापलेल्या टॅक्सबद्दल विचारलं तर चॅटवर "बँक स्टेटमेंट अपलोड करा" एवढंच उत्तर.

मॅडमनी पहिल्याच बैठकीत लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि ॲडसेन्सचं टॅक्स इन्फोचं पान उघडायला लावलं. डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे गुगलला कळवणारा) भरलाय का, त्यात टॅक्स नंबर म्हणून पॅन टाकलाय का, एकाच कमाईवर दोनदा टॅक्स लागू नये म्हणून असलेल्या भारत-अमेरिका कराराचा फायदा मागितलाय का, एकेक ओळ बघितली. बरेच जण म्हणतात आपले प्रेक्षक सोलापूर-साताऱ्याचे, अमेरिकेचं काय घेऊन बसायचं. पण गंमत नाहीये ही. २०२१ पासून गुगल अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर टॅक्स कापतं, आणि हा फॉर्म भरलाच नसेल तर जगभरातल्या एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतं. समजा महिन्याची कमाई १००० डॉलर आणि त्यातले अमेरिकेचे फक्त १००. फॉर्म नसेल तर २४० डॉलर गेले, फॉर्म भरून करार लावला तर त्या १०० वर १५ टक्के म्हणजे १५ डॉलर, बास. आणि हा फॉर्म एकदा भरला की झालं असं नसतं, साधारण तीन वर्षांनी परत भरावा लागतो, मॅडमच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक क्लायंटची ती तारीख लिहिलेली असते.

आता जे १५ डॉलर कापले गेले ते आपल्याकडच्या टॅक्समधून वजा मिळतात, त्यासाठी माझा फॉर्म ६७ भरला. इथं मला मॅडमचं काम खरंच आवडलं. गुगल वर्षाचा जो १०४२-एस, म्हणजे अमेरिकेत कापलेल्या टॅक्सचा दाखला, देतं तो जानेवारी ते डिसेंबरचा असतो आणि आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा उचलून चालत नाही. त्यांनी दर महिन्याचं पेमेंटचं पान काढून घेतलं, कुठल्या महिन्यात किती कापलं ते लावलं, आणि आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा दर धरून रुपये केले. रक्कम फार मोठी नव्हती, तरी सोडली नाही. आणि म्हणूनच रिटर्न आयटीआर-४ या फॉर्ममध्ये नाही तर आयटीआर-३ मध्ये भरलं, कारण ४ मध्ये परदेशातल्या टॅक्सचं क्रेडिट मागायची सोयच नाही. गावात "यूट्यूबर ना, मग ४ टाका" म्हणणारे भरपूर आहेत, तेवढं लक्षात ठेवा.

खर्चाच्या बाबतीत त्यांनी एका कागदावर दोन रकाने करून दाखवले, एकीकडे खरा खर्च आणि दुसरीकडे ४४एडीए कलम, ज्यात खर्चाचा हिशोब न मांडता एकूण जमेच्या निम्मं उत्पन्न धरतात. माझा खरा खर्च निम्म्याच्या बराच आत होता म्हणून ४४एडीए घेतलं. असेसमेंट इयर २०२५-२६ (म्हणजे २०२४-२५ ची कमाई) पासून फॉर्ममध्ये सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी वेगळा कोड आलाय, १६०२१, तोच टाकला.

मशीनचा विषय बहुतेकांना माहीतच नसतो. एका कंपनीने ४२ हजारांचा वीडर दिला, व्हिडिओ झाल्यावर तो माझ्याकडेच राहिला. जुलै २०२२ पासून १९४आर हे कलम आलं, एका कंपनीकडून वर्षात २० हजारांच्या वर वस्तू किंवा फायदा मिळाला तर त्यावर १० टक्के टीडीएस (देणाऱ्याने आधीच कापून सरकारला भरायचा टॅक्स), आणि त्या वस्तूची किंमत आपलं उत्पन्न म्हणून दाखवावी लागते, गिफ्ट म्हणून सुटत नाही. पण फवारणी पंप मी शूटिंगनंतर परत पाठवला होता, तो यात येत नाही. मॅडमनी कुरिअरची पावती मागितली आणि फाईलला लावली, उद्या कुणी विचारलं तर दाखवायला हवी म्हणे.

अजून एक, एका एजन्सीने माझ्या ६० हजारांच्या बिलातून ६ हजार टीडीएस कापला पण २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेला टॅक्स दाखवणाऱ्या सरकारी पानावर, दिसेना. मी तर ते पान किंवा एआयएस (टॅक्स खात्याकडची आपल्या व्यवहारांची यादी) उघडून बघितलंही नसतं कारण बँकेत ५४ आले म्हणजे विषय संपला असंच वाटतं. मॅडम प्रत्येक बिल २६एएसशी ताडून बघतात. त्यांनी एजन्सीला मेलचा मजकूर लिहून दिला, पॅन, बिल नंबर, तारीख सगळं घालून, आणि फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, मागायला लावला. मग एजन्सीने त्यांचं टीडीएस रिटर्न दुरुस्त केलं आणि ते ६ हजार माझ्या नावावर दिसायला लागले.

जीएसटीचंही स्पष्ट सांगितलं. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांची मर्यादा आहे आणि त्यात गुगलचे डॉलरही मोजायचे. मी त्याच्या बराच खाली आहे म्हणून नोंदणी केली नाही. पैसे मिळतायत म्हणून उगाच नोंदणी करून द्यायचा मोह त्यांना झाला नाही हे मला फार मोलाचं वाटतं.

आता नाराजी. जुलैत सगळे कागद देऊनही माझं रिटर्न सप्टेंबरमध्ये भरलं. २०२५ ला मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि शेवटच्या क्षणी १६ सप्टेंबर झाली, त्यात सगळेच निवांत झाले, पण ज्याने वेळेत कागद दिले त्याचं आधी व्हायला पाहिजे होतं, रिफंड त्यामुळे लांबला. व्हॉट्सॲपला उत्तर दोन-दोन दिवस येत नाही, फोनच करावा लागतो. फॉर्म ६७ चे वेगळे पैसे आहेत हे बिल हातात आल्यावर कळलं, सगळं मिळून साडेपाच हजार झाले. कामाच्या मानाने जास्त नाहीत पण आधी सांगायला हवं होतं, हे मी त्यांना तोंडावरही सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं.

पाचपैकी चार देईन. जाणार असाल तर मे-जूनमध्येच जा. सोबत ॲडसेन्सची बारा महिन्यांची पेमेंटची पानं, बँकेकडून परदेशी पैसे जमा झाल्याची ॲडव्हाइस (तसा कागद), कंपन्यांना दिलेली बिलं आणि परत पाठवलेल्या मालाच्या पावत्या न्या. ही निम्म्या उत्पन्नाची सोय घेणार असाल तर ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आधीच भरायचा टॅक्स) एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरायचा असतो, त्यासाठी फेब्रुवारीत त्यांचा स्वतःहून फोन येतो, तेवढा मात्र नक्की उचला.