इतवारीतलं भांड्याचं दुकान आणि तो दालडाचा डबा (५ पैकी साडेतीन स्टार)

आधीच सांगतो, हे नाण्यांचं दुकान नाही. नागपूरच्या इतवारीत शहीद चौकातून आत गेलं की जुनी पितळी-तांब्याची भांडी किलोवर घेणारी-विकणारी दुकानं आहेत ना, त्यातलं एक, धड बोर्ड पण नाही. आईला पितळेचा गंज (म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं) पाहिजे होता म्हणून गेलो होतो, आणि काका तिला गंज दाखवून राहिले होते तोवर माझं लक्ष काउंटरखालच्या दालडाच्या जुन्या डब्याकडे गेलं. विचारलं काका यात काय आहे, तर म्हणे "काही नाही बावा, भांड्यातून निघालेली चिल्लर". लोक आजीचा मसाल्याचा डबा, देवघरातली ताम्हणं, जुना गल्ला असं सगळं मोडीत देतात आणि तळाशी चिकटलेलं नाणं पाहतच नाहीत, ते सगळं या डब्यात.

मग काय, तिथंच पाटावर बसलो दीड तास. पाचात चार नाणी तीन पैसे, पाच पैसे, ते नागमोडी कडेचे दहा पैसे, ॲल्युमिनियमची हलकी फुलकी, १० रुपयाला एक, कुठलं पण उचला. नातेवाईकांच्या पोट्ट्यांना दाखवायला मस्त आहेत, कारण २५ पैसे आणि त्याखालचं सगळं २०११ च्या जूनअखेर बंद झालं, त्यांनी पाहिलंच नाही. पण मधेच एक काळपट चकती हाताला लागली, मला वाटलं वॉशर आहे, टाकूनच देणार होतो. उजेडात धरलं तर भोकाभोवती अक्षरं आणि १९४४! भोकाचा पैसा हो, महायुद्धात धातू वाचवायला मधून भोक पाडून काढायचे तो, १९४३ ते ४७ एवढाच निघाला. ६४ पैशाचा रुपया होता तेव्हाचा. माझी आजी सांगायची की करगोट्यात ओवायचे लहान पोरांच्या. २० रुपयात दिला काकांनी.

दुसरं भारी म्हणजे १९४७ चा रुपया, एकीकडे सहावा जॉर्ज आणि मागे चालणारा वाघ. काका म्हणे चांदीचा आहे, ४०० द्या. माझ्या खिशात फुटक्या स्पीकरचं चुंबक असतंच (हसू नका), लावलं तर टकदिशी चिकटला. चांदी चिकटत नाही काका, हा निकेलचा आहे. हसले आणि १५० ला दिला, माणूस तसा मनाचा साफ आहे.

आता स्टार कुठं कापले ते सांगतो. डबा सोडून काचेखाली एक वेगळा ट्रे आहे, तिकडे जाऊच नका राजेहो. त्यात राम-सीता-हनुमानवालं "ईस्ट इंडिया कंपनी १८१८ अर्धा आणा" ठेवलंय आणि भाव २५००. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही, हे बाजारू टोकन आहे, देवळाबाहेर मिळतं तसं. मी बोललो तर म्हणे "जुन्या वाड्यातून निघालं". असेल, वाड्यात पण कोणी विकतच घेतलं असेल. त्याच ट्रेमधला राणी छाप (व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा) रुपया घेऊन शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला, खरा असला तर बरोबर एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम भरला पाहिजे, थोडीफार झीज धरली तरी, हा भरला ९.८. काकांनी काही न बोलता परत ट्रेमध्ये ठेवून दिला. हे नाही आवडलं.

आणि काकांना हात जोडून विनंती, तांब्याची नाणी चिंच-मीठ लावून घासू नका! गिऱ्हाइकाला चकचकीत पाहिजे म्हणून पोरगा बसून घासतो, आणि वरचा जुना रंग गेला की नाण्याची रया गेली, घेणारा निम्मे पैसे पण देत नाही.

लखपती व्हायला जात असाल तर नका जाऊ. वैष्णोदेवीचं नाणं द्या, लाखो घ्या वाले व्हिडिओ पाहून एक भाऊ माझ्यासमोरच काकांशी भांडून गेला. असल्या व्हिडिओवाल्यांना कमिशन-बिमिशन भरू नका म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच सांगितलं आहे. खरी मजा फुकटात पण आहे, दीक्षाभूमीजवळ चहा पिलो तर सुट्ट्यात १९९० चा बाबासाहेबांचा रुपया आला, रुपयाच्याच भावात. नाण्यावरच्या सालाखाली टांकसाळीची खूण बघायची सवय लावा फक्त: हिरा असला तर मुंबई, तारा हैदराबाद, गोल टिंब नोएडा, आणि काहीच नसलं तर कोलकाता.

जायचं तर दुपारी जा, सकाळी मोडवाल्यांची गर्दी असते आणि काका डबा काढून देत नाहीत. सुट्टे न्या, ऑनलाइन घेत नाहीत. गंजाचं विचाराल तर माझ्या नाण्यांच्या नादात तो दुसऱ्याच बाईनं उचलला, आई दोन दिवस बोलली नाही.