नेट तुटतंय, पण कुठे? केबलवाला, मोठी कंपनी की एअरफायबर

आमच्या पुण्यातल्या कर्वेनगरच्या सोसायटीत नेट गेलं की ग्रुपवर पहिला मेसेज येतो, "तुमचंपण गेलंय का?" आणि त्याचं उत्तर यायच्या आत दुसरा, "कोणाचं चांगलं आहे? बदलूनच टाकतो."

ही घाई मीही केली आहे. रोज संध्याकाळी आठच्या सुमारास व्हिडिओ कॉल तुटायचे. वैतागून कंपनी बदलली, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले, नवा राउटर जुन्याच जागी म्हणजे टीव्हीच्या मागे बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी आठ वाजता कॉल तुटला. मग लॅपटॉपला केबल जोडून बसलो, तर तासभर काही झालं नाही. लाइन आधीचीही बहुधा ठीकच होती. आठ वाजता आजूबाजूच्या सगळ्या घरांतले टीव्ही आणि फोन एकदम जागे व्हायचे आणि माझं वायफाय त्या गर्दीत गुदमरायचं. सहा महिन्यांचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

म्हणून कुठली कंपनी घ्यावी हे विचारण्याआधी दोन-तीन संध्याकाळी एक तपासणी करा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा. कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे विंडोजमधल्या आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्याच्या, दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्यावर पिंग, म्हणजे "आहेस का?" असं पुन्हा पुन्हा विचारणारी आज्ञा, चालू ठेवा (बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१, नसेल तर राउटरखालच्या स्टिकरवर बघा), दुसरीत ८.८.८.८ वर, म्हणजे बाहेरच्या जगातल्या गूगलच्या सर्व्हरवर. नेट तुटेल तेव्हा दोन्ही खिडक्या थांबल्या तर दोष राउटर, त्याचा अडॅप्टर किंवा लॅन केबल यांत आहे. पहिली सुरळीत आणि दुसरीच थांबली तर दोष राउटरच्या पलीकडे, लाइनमध्ये. दोन्ही मजेत चालू आणि फोनवर मात्र चक्र फिरतंय, तर दोष वायफायचा. त्यासाठी कंपनी बदलणं म्हणजे नळ गळतो म्हणून घर बदलणं.

वायफायचा इलाज जवळजवळ फुकट आहे. राउटर टीव्हीमागून, कपाटातून काढून मोकळ्यावर, जरा उंच ठेवा. राउटर बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर वायफाय देतो; फोन आणि टीव्ही ५ वर घ्या. त्याचा पल्ला कमी, पण शेजाऱ्यांची गर्दीही कमी. २.४ वरच राहावं लागत असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत रिकामा निवडा, कारण एकमेकांवर न चढणारे तेवढेच तीन आहेत. पेठेतल्या जुन्या वाड्यात दोन फुटी भिंती असतील तर कुठलाही राउटर मागच्या खोलीत पोचणार नाही. तिथे लॅन केबल ओढून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा आणखी एक डबा, लावणं हाच खात्रीचा उपाय. राउटर अधूनमधून आपोआप बंद होऊन चालू होत असेल तर आधी अडॅप्टर बदला. म्हातारा अडॅप्टर राउटरचं नाव बदनाम करतो.

दोष लाइनचा निघाला तर फायबर ज्यात येतं त्या डब्यावरचे दिवे बघा. एलओएसचा (सिग्नल हरवल्याचा) दिवा लाल म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही: वायर तुटली आहे, किंवा कपाट भिंतीला सरकवताना मागची पिवळी पॅचकॉर्ड (डब्याला जोडणारी फायबरची छोटी तार) कोणीतरी काटकोनात दाबली आहे. काचेच्या तारेला तो कोन सोसत नाही. पॉनचा (फायबर जोडणीचा) दिवा स्थिर हिरवा आणि इंटरनेटचा तेवढा लाल, तर वायर ठीक आहे. गडबड लॉगिनची किंवा कंपनीच्या पलीकडच्या यंत्रणेची आहे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर मिळणारा प्रकाश डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, दिसतो. उणे १५ ते उणे २५ असला तर चिंता नको, उणे २७ च्याही खाली गेला तर लाइन काठावर आहे. तंत्रज्ञ आला की "मीटर लावून आकडा दाखवा" म्हणा. नुसतं "रीस्टार्ट करून बघा" म्हणणारा माणूस या वाक्याने जरा सरळ बसतो. जोडण्याही बघायला सांगा. हिरव्या टोकाची जोडणी तिरकी घासलेली असते, निळ्याची नसते. हिरव्यात निळं खुपसलं तर लाइन चालते, पण लंगडत.

एवढं करूनही दोष लाइनचाच ठरला आणि दोन-तीन तक्रारींनंतर सुधारत नसेल, तर आता तुलना.

केबलवाल्याला वेगाआधी एक गोष्ट विचारा: "फायबर माझ्या घरापर्यंत येणार की बिल्डिंगपर्यंत?" काही ठिकाणी फायबर गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या पेटीत संपतं आणि तिथल्या स्विचपासून, म्हणजे घराघरांत नेट वाटणाऱ्या डब्यापासून, घरात साधी लॅन केबल उतरते. या व्यवस्थेत तुमच्या घरी इन्व्हर्टर असून उपयोग नाही. जिन्यातला स्विच सोसायटीच्या सामाईक मीटरवर असतो, त्याला बॅटरी नसेल तर वीज गेली की नेटही गेलं. कडकडाटात स्विचचे पोर्ट जळतात, आणि उंदरांबद्दल न बोललेलंच बरं. केबलच्या आठपैकी चारच तारा जोडल्या असतील तर १०० एमबीपीएसच्या वर काही मिळत नाही, मग प्लॅन ३०० चा घ्या नाहीतर ५०० चा. शिवाय यांच्या वायरी झाडांवरून, खांबांवरून येतात. जूनच्या वादळात फांदी पडली की एका गल्लीचं नेट जातं, आणि विसर्जन मिरवणुकीच्या मार्गावर लोंबत्या केबल उतरवल्या जातात तेव्हा पेठेतल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पण केबलवाल्याकडे एक गोष्ट आहे जी कुठल्याही जाहिरातीत नसते. त्याचा पोरगा बाइकवर येतो. फोन केला की "काका, येतो अर्ध्या तासात" म्हणतो आणि दोन तासांत खरंच येतो. वारंवार तुटणाऱ्या लाइनला वेगापेक्षा हाच गुण जास्त कामाचा. बिलावर मात्र कोणाचं नाव आहे ते बघा. केबलवाला बहुतेक वेळा एखाद्या परवानाधारक कंपनीचा फ्रँचायझी असतो, आणि भांडायची वेळ आली तर भांडण त्या कंपनीशी असतं.

मोठ्या कंपनीचं फायबर सहसा थेट घरात येतं आणि मागचं जाळं भक्कम असतं. तिथे दुखणं दुरुस्तीचं. तक्रार अ‍ॅपवर, माणूस उद्या, आणि परवा न येताच "तक्रार सोडवली" असा मेसेज. यावर उतारा म्हणजे डॉकेट क्रमांक. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीला क्रमांक मिळायलाच हवा. निवारण पटलं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि ३९ दिवसांत निकाल अपेक्षित असतो. ३९ दिवस वर्क फ्रॉम होमवाल्याला कितपत परवडतील तो प्रश्न वेगळा, पण क्रमांक लिहून ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाशी सुपरवायझर जरा वेगळ्या आवाजात बोलतो. बाणेर, वाकड, हिंजवडीकडच्या मोठ्या संकुलांत एक-दोनच कंपन्यांना आत परवानगी असते, तिथे निवड तशीही तुमच्या हातात फारशी नाही.

बीएसएनएलबद्दल थोडक्यात: तांब्याची जुनी लाइन असेल आणि फोनमध्ये खरखर ऐकू येत असेल, तर पावसाळ्यात नेट तुटण्याचं कारण तीच खरखर आहे. तांबं दुरुस्त करून घेण्यापेक्षा फायबर मागा.

तिसरा पर्याय एअरफायबर, म्हणजे फाइव्ह-जीवरचं घरगुती नेट. जिओने ते १९ सप्टेंबर २०२३ ला ज्या आठ शहरांत सुरू केलं त्यांत पुणे होतं. खोदाई नाही, वायर नाही, गच्चीवर किंवा बाल्कनीत एक अँटेना. भाड्याने राहणाऱ्याला, आणि धायरी-मांजरीकडे जिथे फायबर अजून गल्लीत आलेलं नाही तिथल्या बंगलेवाल्याला हे सोयीचं. मात्र टॉवर तुमच्या एकट्याचा नाही. संध्याकाळी गर्दी झाली की वेग खाली येतो आणि पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, वरखाली होतो. सिनेमा बफर करून निभावून नेतो, ऑफिसचा कॉल नाही. आणि पुण्यात आणखी एक धोका: आज अँटेनासमोर मोकळं दिसणारं मैदान वर्षभरात बारा मजली होतं. गच्चीसाठी सोसायटीची परवानगी तोंडी नको, लेखी घ्या.

माझा कौल विचाराल तर कॉलवर पोट असणाऱ्याने घरापर्यंत येणारं फायबर घ्यावं, मग ते केबलवाल्याचं का असेना, आणि अडीनडीला फोनचा हॉटस्पॉट ठेवावा. दोन कंपन्यांची नेट घेण्याआधी राउटरसाठी मिनी यूपीएस, म्हणजे छोटी बॅटरी, घ्या. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घेतला तर दोन-चार तास निघतात. फायबर घरापर्यंत असेल तरच याचा उपयोग, हे वर आलंच.

जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरा. वर्षाचे पैसे भरा, दोन महिने फुकट, हे ऐकलं की माझे सहा महिने आठवा आणि पहिला महिना महिन्याचाच प्लॅन घ्या. जुनी लाइन लगेच तोडू नका. दोन्ही चालू असताना मधे एक गुरुवार येऊ द्या. त्या दिवशी देखभालीसाठी महावितरण वीज बंद ठेवेल तेव्हा नवी लाइन तग धरते का ते आपोआप कळतं. मग जुना राउटर परत करा, आणि तो नेणाऱ्या माणसाकडून पावती घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. अनामत परत मागताना तीच लागते.