हँडब्रेक शाफ्टवरचा की चाकांवरचा? जुनी जीप आणि जिप्सी

जुनी फोर-बाय-फोर घ्यायला निघालेला माणूस पत्रा ठोकून बघतो, धूर बघतो, फोर-व्हीलचा दांडा पडतो का तेही बघतो. हँडब्रेक मात्र सपाट अंगणात एकदा ओढतो आणि ‘लागतोय’ म्हणून पुढे जातो. विलीज या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातली जीप (महिंद्राची सीजे ३बी धरा) आणि मारुतीची जिप्सी किंग यांतली एक निवडायची असेल, तर एवढ्यावर भागत नाही. दोन्हींचे हँडब्रेक वेगवेगळ्या जागी बसतात, त्यामुळे त्यांची दुखणीही वेगळी आहेत.

जीपचा हँडब्रेक चाकांना हातच लावत नाही. ट्रान्स्फर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी. तिच्या मागच्या तोंडाशी, जिथून मागचा प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा) निघतो, तिथे ब्रेकचा एक छोटा ड्रम असतो. डॅशखालची मूठ ओढली की तो ड्रम, म्हणजे पर्यायाने शाफ्ट, धरला जातो. एवढासा ड्रम गाडी कशी धरतो? विलीजच्या मूळ सीजे ३बीला अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ५.३८ आहे. चाक एकदा फिरायला शाफ्टला पाचाहून जास्त फेरे घ्यावे लागतात, तेव्हा शाफ्टवर लावलेला जोर चाकापाशी तितक्या पटीने पोचतो. जिप्सीत हेच काम केबल करते. ती मागच्या दोन्ही चाकांतले शू (ड्रमला आतून दाबून धरणारे तुकडे) उघडते, तेच शू जे पायाच्या ब्रेकलाही लागतात.

उतारावर उभं राहण्यापुरता जीपचा हँडब्रेक, नीट लावलेला असेल तर, मला जास्त दमदार वाटतो. फक्त तो लागला तरी गाडी वीतभर सरकते. ड्रम पक्का धरलेला असतो, पण पुढे शाफ्टचे क्रॉस (सांधे), स्प्लाइन (खाचांची जोडणी) आणि डिफरन्शियलचे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरसंचाचे) दात यांतला ढिलेपणा संपेपर्यंत चाकं फिरतात आणि मग ‘टक्’ असा आवाज येतो. माळशेजला चहाला थांबलो असताना माझ्या जीपने ही वीत घेतली आणि शेजारी बसलेल्या मित्राने ग्लासासकट उडी मारली. ब्रेकमध्ये काही बिघाड नव्हता. नव्या मालकाला हे माहीत नसतं, तो सरळ केबल ताणायला घेतो.

दुसरी गोष्ट थेट जिवाशी खेळणारी आहे. जीपचं मागचं एक चाक जॅकवर उचललंत की हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो. शाफ्ट धरलेला असला तरी डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक उलटं आणि जमिनीवरचं सुलटं फिरू शकतं, आणि गाडी जॅकवरून घरंगळते. जिप्सीत दोन्ही चाकं स्वतंत्र धरलेली असल्याने एक उचललं तरी दुसरं पकड सोडत नाही. जीपवाल्याने पंक्चर काढताना आधी फोर-व्हील टाकावं म्हणजे पुढचा शाफ्टही त्याच ब्रेकला जोडला जातो (फ्री-व्हील हब, म्हणजे पुढची चाकं अ‍ॅक्सलपासून सुटी करणारे भाग, बसवले असतील तर तेही लॉक करून). आणि दगड तर लावायचेच. शाफ्ट उतरवून टोचन लावून आणलेल्या जीपला हँडब्रेक नसतोच, हेही विसरू नका. चालत्या जीपला हा ब्रेक ओढायचा नाही. सगळा झटका क्रॉसवर आणि हाफ शाफ्टवर (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यावर) बसतो.

मग जिप्सीच बरी? चिखलात गेलात की उत्तर बदलतं. जीपचा ड्रम वर, गाडीच्या पोटाशी असतो. जिप्सीचे ड्रम चाकांत असल्याने ओढ्यातलं पाणी आणि वाळू थेट आत जाते. कोकणात पावसाळाभर हँडब्रेक ओढून ठेवलेली जिप्सी बाहेर काढायला जावं तर शूवरचं अस्तर, म्हणजे लायनिंग, ड्रमला चिकटून बसलेलं असतं. लांब मुक्कामाला तिला गिअरमध्ये टाकून चाकांना दगड लावावेत आणि हँडब्रेक मोकळा सोडावा. मात्र ट्रान्स्फरचा दांडा न्यूट्रलला राहिला तर गिअरचा काही उपयोग नाही, तेवढं बघून घ्या. शिवाय जिप्सीचा व्हील सिलिंडर (ब्रेकच्या तेलाच्या दाबाने शू ढकलणारा भाग) गळला की पायाचा आणि हाताचा असे दोन्ही ब्रेक त्या बाजूला एकदम जातात. जीपमध्ये ही दोन खाती वेगळी आहेत. तिथला शत्रू म्हणजे ट्रान्स्फर केसचं मागचं ऑइल सील. ते गळलं की शू तेलात भिजतात आणि मग कितीही अ‍ॅडजस्ट करा, पकड येत नाही. आधी सील, मग शू.

अ‍ॅडजस्ट करण्याच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे चूक एकच होते. मूठ किंवा लिव्हर फार वर येते म्हणून केबलचा नट आवळला जातो. दहा मिनिटांत काम होतं आणि आठवडाभर छान वाटतं. खरं म्हणजे लिव्हर वर आली, हीच शू झिजल्याची खूण होती आणि आपण ती खूण पुसून टाकली. वर ताणलेल्या केबलने शू आपल्या जागी पूर्ण परतत नाहीत, ड्रमला घासत राहतात आणि घाट उतरल्यावर ड्रमजवळ जळका वास येतो. म्हणून आधी शू आणि ड्रममधलं अंतर, केबल शेवटी.

जीपला ते अंतर बसवणं सोपं आहे, फक्त गाडीखाली जावं लागतं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा, मागची दोन्ही चाकं स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल करा आणि मूठ पूर्ण आत ढकला. ड्रम फिरवून त्याच्या भोकांतून आतली दातेरी चाकं दिसली की ती शू ड्रमला टेकेपर्यंत फिरवायची आणि मग साधारण सात खाचा मागे घ्यायची. ड्रम हाताने मोकळा फिरला पाहिजे. जिप्सीत दोन्ही ड्रम उतरवावे लागतात. धूळ साफ करायची, लायनिंग दोन्हीकडे सारखं झिजलंय का ते बघायचं, केबल कव्हरमध्ये गंजून अडकत नाही ना ते पाहायचं. एक बाजू धरते आणि दुसरी नाही, असं झालं तर दोष बहुतेक केबलमध्येच सापडतो. घरी, एकट्याने, पहिल्यांदाच करणाऱ्याला मी जिप्सीच सुचवेन. काम जास्त आहे, पण डोळ्यांसमोर आहे.

घेताना विकणाऱ्याला गाडी चढावर न्यायला सांगा. चाकामागे एक हात अंतरावर दगड ठेवा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा आणि पाय हळूहळू उचला. जीप वीतभर सरकून थांबली तर घ्या, सरकतच राहिली तर सील बघा. जिप्सीने मात्र जागचं हलायला नको.

रोज ऑफिसला आणि शनिवारी डोंगरात न्यायची असेल तर जिप्सी. नदीपात्रात, शेतात राबवायची असेल आणि एक लाकडी गुटका कायम सीटखाली ठेवायची सवय लावणार असाल, तर जीप.