बेळगाव किल्ला ते कपिलेश्वर, सकाळचा वॉक : आईला घेऊन गेलो त्याचा अनुभव

शहापुरात जन्म गेला माझा, शाळा तिथलीच, कॉलेज टिळकवाडीत, नोकरी उद्यमबागला, आणि तरी बेळगावच्या किल्ल्यात मी आजवर मोजून तीनदा गेलो असेन, त्यातलं दोनदा शाळेच्या सहलीतून. बाकी रोज बसस्टँडकडं जाताना खंदक दिसतो, तट दिसतो, आणि आपण पुढची रिक्षा कधी हलतेय तेवढंच बघत असतो. त्यामुळं ऑफिसातल्या एकानं या गाईडेड वॉकचा मेसेज पाठवला तेव्हा आधी वाटलं, आपल्याच गावात आपण पैसे देऊन काय फिरायचं. खरं आईनं ऐकलं आणि म्हणाली, "मी येतो की रे, लहानपणी बाबांबरोबर बसदीत गेलेलो, नंतर कुठं जाणं झालं." बसदी म्हणजे जैन देऊळ. तिचं वय ६६, गुडघे धरतात, म्हणून फोन करून विचारलं तर ते म्हणाले हळूहळू चालतो, बसायला जागा असतात, आणा त्यांना. दोघांचं बुकिंग केलं. माणशी ३५० रुपये, ज्येष्ठांना १०० कमी.

वेळ सकाळी साडेसहाची, जमायचं किल्ल्याच्या दारात दुर्गादेवीच्या देवळापाशी. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, खंदकावर धुकं, आई शाल गुंडाळून. आम्ही सव्वासहालाच हजर, आणि वॉक सुरू झाला पाच कमी सातला, कारण चौघेजण उशिरा आले आणि त्यांची वाट बघत बसले. हे मला अजिबात आवडलं नाही. सकाळची वेळ हाच या वॉकचा जीव आहे, आठ वाजले की शहरातल्या गल्ल्यांत गाड्या सुरू होतात आणि मग काही ऐकू येत नाही, ते पुढं झालंच.

सांगणारे सर म्हणजे हायस्कुलात आयुष्यभर इतिहास शिकवून रिटायर झालेले. आवाज मोठा नाही, नाट्य नाही, "कल्पना करा, घोड्यांच्या टापा ऐकू येतायत" असलं काही नाही. सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं की मी दोन तऱ्हेच्या गोष्टी सांगणार, एक दगडावर लिहिलेली आणि एक लोक सांगतात ती, आणि प्रत्येक वेळी कुठली कुठली ते सांगणार. आणि शेवटपर्यंत पाळलं त्यांनी ते. मला वाटतं सगळ्या वॉकमध्ये मला काय आवडलं असेल तर हेच, कारण आपल्याकडं इतिहास म्हटलं की दोन्ही एकाच पातेल्यात ढवळतात आणि वर आवाज चढवतात. इथं जैन मुनी जंगलात आगीत सापडले आणि प्रायश्चित्त म्हणून राजानं बसद्या बांधल्या ही गोष्ट सांगितली ती "लोक सांगतात" म्हणून, आणि लगेच पुढं, कमल बसदी १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा अधिकारी बिचिराज यानं बांधली, हे शिलालेखातलं. रट्टांची राजधानी आधी सौंदत्तीला होती आणि मग ती इथं वेणुग्रामला आली, वेणू म्हणजे बांबू, त्यावरनं गावाचं नाव. सौंदत्तीला आपण यल्लम्माच्या यात्रेला जातो, तिथं कुणाची राजधानी होती हे घरात कुणी कधी बोललेलं मला आठवत नाही.

कमल बसदीत आम्ही जवळपास पाऊण तास होतो आणि तो वेळ कमीच पडला. बाहेरनं बघितलं तर फार उंच नाही, साधी वाटते, आत मात्र खांब असे गुळगुळीत फिरवलेले की हात लावला की थंड पाण्याला लावल्यासारखं वाटतं (हात लावू नका, मला सरांनी टोकलं आणि बरोबर टोकलं). काळ्या दगडातली नेमिनाथांची मूर्ती. आणि मंडपाच्या छताला उलटं लटकणारं ते दगडी कमळ. मी तीनदा येऊन गेलोय पण कमळ "आहे" एवढंच बघितलेलं. सरांनी सगळ्यांना आळीपाळीनं बरोबर खाली उभं केलं, मान वर करा म्हणाले आणि पाकळ्या मोजायला लावल्या. कुणाच्या ६० आल्या, कुणाच्या ७५, एका छोट्या मुलीनं बरोबर ७२ सांगितल्या. मग सर म्हणाले ७२ का? तीर्थंकर २४, आणि भूतकाळातले, वर्तमानातले, भविष्यातले असे तीन वेळा २४. आई खाली बसलेली, तिथनंच म्हणाली, "आमचे बाबा म्हणायचे हे कमळ बघून घरी गेल्यावर जेवण गोड लागतं." सरांनी वहीत लिहून घेतलं, अगदी मनापासून, आणि म्हणाले, "ताई, हे लोक सांगतात या खात्यात जाईल, पण जाईल." आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शेजारीच चिक्की बसदी आहे, पडझड झालेली, तिथं बहुतेक लोक फोटो काढून पुढं जातात. आम्हाला तिथं दहा मिनिटं दिली आणि पडलेल्या भागामुळं दगड एकावर एक कसे बसवलेत, चुन्याशिवाय, ते उलट जास्त नीट दिसतं हे सांगितलं. हे मला फार पटलं.

त्यानंतरची सफा मशीद. आदिलशाहीतल्या असदखानाचं नाव हिच्याशी जोडलेलं आहे, त्याचा दर्गा कॅम्पात आहे. नमाजाची जागा, म्हणून आमचा ग्रुप आत न नेता बाहेरच्या झाडाखाली थांबवला आणि सरांनी पिशवीतनं मोठे प्रिंट काढले. आतल्या खांबांपैकी दोन खांबांवर जुने लेख आहेत, एक ११९९ चा, रट्ट कार्तवीर्याचा, आणि दुसरा १२६१ चा, देवगिरीच्या यादव कृष्णाचा. म्हणजे आधीच्या इमारतींचे खांब मशिदीत बसवलेत आणि लेख तसेच राहिलेत. आता गंमत बघा, हे लेख नागरी लिपीत आहेत आणि भाषा कन्नड. आमच्या ग्रुपात धारवाडचं एक जोडपं होतं, त्यांना मराठी कळत होतं खरं बोलायला जमत नव्हतं. प्रिंट हातात घेऊन आईनं चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागली, आठशे वर्षांपूर्वीची वळणं, त्यामुळं निम्मी अक्षरं सरांनी सांगितली, आणि वाचलेल्या शब्दाचा अर्थ तिला काही कळेना. तो त्या धारवाडच्या बाईंनी सांगितला. असं चारपाच शब्द चाललं, ही वाचते, त्या अर्थ सांगतात, ही परत वाचते. मी बाजूला उभा राहून बघत होतो. त्या दोघी पुढं कपिलेश्वरापर्यंत बरोबरच चालल्या, आई अर्ध्या कन्नडात आणि त्या अर्ध्या मराठीत.

किल्ल्यातला शेवटचा थांबा रामकृष्ण मिशनचा आश्रम. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावला आले, आधी तीन दिवस रिसालदार गल्लीत वकील भाट्यांच्या घरी आणि मग नऊ दिवस किल्ल्यात हरिपद मित्र या जंगल खात्यातल्या बंगाली अधिकाऱ्यांच्या बंगल्यात. ते घर आता जपून ठेवलंय. शिकागोच्या आधीचं वर्ष, गावात त्यांना कुणी ओळखत नाही, आणि भाट्यांच्या मुलानं नंतर लिहून ठेवलंय की संन्याशानं जेवणानंतर पान सुपारी आणि तंबाखू मागितली तेव्हा घरची मंडळी चकित झाली. हे ऐकून ग्रुपातल्या एका आजोबांनी लगेच खिशातनं चंची काढून दाखवली. त्याच मुक्कामातला स्वामीजींचा स्टुडिओत काढलेला फोटोही प्रसिद्ध आहे. इथं एक सुचवायचंय. वॉकमध्ये हरिपद मित्र यांचं घर आधी येतं आणि भाट्यांचं नंतर, म्हणजे स्वामीजी ज्या क्रमानं राहिले त्याच्या उलटं. रस्ता तसा पडतो हे कळतं, खरं निदान किल्ल्यात सांगताना आधी भाट्यांची गोष्ट पूर्ण सांगावी, दोन तुकडे झाल्यानं रिसालदार गल्लीत पोचेस्तोवर निम्मे लोक विसरले होते.

किल्ल्यातनं बाहेर पडून तलावाकाठी १५ मिनिटं विश्रांती. तिथला ११० मीटरचा ध्वजस्तंभ सगळ्यांना माहीतच आहे. इथं एक मोठी अडचण, टॉयलेटची. ग्रुपात सहा-सात बायका, त्यातल्या तिघी ज्येष्ठ, आणि सकाळी सातपासून साडेनऊपर्यंत नीट सोय नाही. बुकिंग करताना सांगितलेलं की सोय आहे, प्रत्यक्षात बसस्टँडपर्यंत उलटं चालत जावं लागलं. पैसे घेता तर एवढं आधी बघून ठेवा. कुणाच्या आईला ३ तास फिरवायचं म्हणजे ही काही छोटी गोष्ट नाही.

तिथनं पुढं गावात. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली. आम्ही पोचलो तेव्हा साडेआठ होऊन गेलेले. गणपत गल्लीत कडोली कंग्राळीकडच्या बायका भाजी घेऊन बसलेल्या, दुकानांची शटर वर होत होती, आणि दुचाकी सुरू झालेल्या. १८ माणसांचा घोळका त्या गल्लीत मावतच नाही. सरांचा आवाज पुढच्या पाचसहा जणांना जायचा, मागं आम्ही नुसतं चालत होतो. एक छोटा स्पीकर कमरेला लावला तर काम झालं असतं, किंवा मग दहा-बाराच माणसं घ्यावीत. जुन्या घरांचे लाकडी कोरीव खांब, वरच्या मजल्याच्या खिडक्या, दुकानाच्या बोर्डामागं निम्मी झाकलेली जुनी पाटी, हे सगळं सर हात करून दाखवत होते आणि मागच्यांना नुसता हात दिसत होता. मी दोनदा पुढं जाऊन विचारलं, त्यांनी दोन्ही वेळा थांबून परत सांगितलं, वैतागले नाहीत.

एवढ्या गडबडीतही किर्लोस्कर रोडच्या तोंडाशी जे ऐकलं ते लक्षात राहिलं. या रस्त्यावर मी दर दिवाळीला कपडे घेतो आणि किर्लोस्कर म्हणजे पंप आणि किर्लोस्करवाडी एवढंच डोक्यात. खरं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सुरुवात केली ती बेळगावात, सायकलच्या दुकानानं, पुढं कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर, आणि जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये ते कुंडलला गेले, तीच पुढं किर्लोस्करवाडी झाली. उद्यमबागला फौंड्रीत काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकून काय वाटलं ते लिहिता येत नाही. सोमवारी कामावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे, टिळकांनी होमरूल लीग १९१६ मध्ये बेळगावातच सुरू केली, हेही चालता चालता आलं, पण यांना एक एक वाक्यच मिळालं.

कपिलेश्वराला पोचलो पावणेदहाला. दक्षिण काशी म्हणतात. दर्शन, तळ्याच्या पायऱ्यांवर बसणं, आणि शेवटी प्रत्येकाला द्रोणात कुंदा. ताजा होता, रवाळ, दूध नीट आटवल्याचा तो करपटाकडं झुकणारा वास असलेला, नुसता साखरेचा गोळा नाही. कुंद्याचा शोध दूध चुलीवर विसरून जास्त आटल्यानं लागला ही गोष्ट सरांनी सांगितली, कुठल्या खात्यात ते सगळे एकदम ओरडले.

आता जे नाही ते सांगतो. टिळकवाडीची काँग्रेस विहीर या वॉकमध्ये नाही. १९२४ चं अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झालेलं एकमेव, त्यासाठी खणलेली विहीर गावात असताना ती सोडायची म्हणजे मला पटत नाही, भले दुसरा वॉक ठेवा. आणि शहापूर नाही. मी शहापूरचा म्हणून म्हणतो असं समजू नका. शहापूर सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांकडं, एकाच गावात चालत चालत राज्य बदलायचं. शिवाय पेठ, विणकर, शहापुरी साड्या. कपिलेश्वरापासनं ते पायी दहा मिनिटांवर आहे आणि वॉक तिथंच संपतो.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा, पावसाळ्यात किल्ल्यातल्या दगडांवर शेवाळ असतं आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. सपाट बूट घाला, पाणी आपलं आपण न्या, ते देत नाहीत. किल्ल्याचा बराच भाग लष्कराकडं आहे, सांगतील तिथं कॅमेरा खाली ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी किल्ल्यापुरतंच येऊन तलावापाशी थांबलं तरी पैसे वसूल आहेत, आईला मी तेच सुचवलं होतं, ती ऐकली नाही. मुलांना आणा, आठ वर्षांच्या पुढची. ५ पैकी ४ देतो, टॉयलेटचं आणि माणसांच्या संख्येचं केलं तर ५.

निघताना आईनं सरांना विचारलं, "शहापुरात कधी येणार? आमच्या खासबागच्या घरात बाबांचा हातमाग अजून माळ्यावर आहे, सुटा करून ठेवलाय, सगळे भाग आहेत." सरांनी परत वही काढली आणि पत्ता लिहून घेतला. काल त्यांचा फोन आलेला, रविवारी येतायत. आम्ही सकाळी माळा झाडायला घेतलाय.