फुकट शिबिरातलं करंटचं मशीन

आईला फुकट शिबिरात विकलेलं मशीन बिघडलेलं नव्हतं. करंट देत होतं, लावलं की पंधरा-वीस मिनिटांत गुडघा हलका होत होता. फसवणूक नेमकी इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अशी शिबिरं कुठे ना कुठे लागलेलीच असतात. "आधी वापरून बघा, गुण आला तर घ्या" हा सल्ला ऐकून गेलेला माणूस तिथे हमखास फसतो, कारण वापरून बघितल्यावर गुण येतोच.

आमचं घर बेळगावातल्या वडगावात. आईचं अर्धं आयुष्य मागावाल्यांच्या घरी कांड्या भरण्यात गेलं. दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय, हे एक्स-रे बघून डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. माझं मिक्सर, फॅन, टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, सकाळी गेलो की रात्रीच घरी. शिबिराची वेळ सकाळी दहा ते एक. घरातली कमावती माणसं बाहेर आणि म्हातारी माणसं एकटी असतात ती वेळ. हा काही योगायोग नव्हे.

जागा म्हणजे एका मंगल कार्यालयाचा हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, पुढे माईक, बाजूला बीपी मोजायला एक पोरगी. पत्रकं गल्लोगल्ली वाटलेली आणि तीही स्वच्छ मराठीत. आमच्याकडे लाइट बिलापासून सगळं कन्नडमध्ये येतं, वाचून घ्यायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागते. तिथे मराठीतला कागद हातात पडला की म्हातारी माणसं तिथेच अर्धी विरघळतात. शिबिरातली पोरंही आपल्याच बोलीतली. "आक्का, बसा निवांत. पाय ठेवा हितं. कसं वाटायलंय?" "मुंग्या यायल्यात बघ." "येऊ द्यात की, रक्त फिरायलंय."

पहिले काही आठवडे पैशाचं नावच नाही. टोकन घ्यायचं, खुर्चीत बसायचं, गुडघ्याला पट्ट्या चिकटवून घ्यायच्या. वहीत नाव, मोबाइल नंबर, मुलगा काय करतो, घर स्वतःचं की भाड्याचं, गोळ्या कुठल्या चालू आहेत, सगळं उतरवून घेत. आईला त्याचं केवढं कौतुक, "पोटच्या पोरागत चौकशी करत्यात." ती चौकशी खिशाची होती.

माईकवरून रोज एक बाई उठून सांगायची की मला जिना चढता येत नव्हता, आता देवळाला प्रदक्षिणा घालते. मग मुख्य माणूस बोलायचा, आणि या माणसाचं बोलणं नीट ऐकण्यासारखं आहे. पत्रकावर छापलेलं होतं फक्त "वेदनांपासून आराम". माईकवर मात्र "झीज भरून येते, गुडघ्यातली गादी परत तयार होते, ऑपरेशन टळतं, गोळ्या हळूहळू बंद करा." कागदावर सावध आणि तोंडाने मोकाट. कागद मागे राहतो, बोलणं हवेत विरतं, हा त्यांचा हिशेब.

शेवटी एका शनिवारी जाहीर झालं की शिबिर आता हलणार. मशीनची किंमत ६५,००० रुपये, पण "नियमित येणाऱ्या मातांसाठी" ३८,५००, तेही आजच्या आज. आईने भिशीचे उचललेले पैसे दिले, वर साठवणीतले घातले. मशीन रिक्षातून घरी आलं, सोबत एक स्टीलचा डबा भेट. मी रात्री घरी आलो आणि किंमत विचारली, तर तिचं उत्तर एवढंच, "मला बरं वाटायलंय, तू मधी पडू नको."

आता ते बरं का वाटायचं, ते सांगतो. या प्रकाराला टेन्स म्हणतात. कातडीवर पट्ट्या लावून बारीक विजेचे झटके नसांना द्यायचे. कोपर दाराला आपटलं की आपण झटकन चोळतो आणि दुखणं कमी वाटतं, त्यामागे जे घडतं तेच इथे घडतं. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी कल्पना मांडली की पाठीच्या कण्यात दुखण्याचे संदेश अडवणारं एक फाटक असतं. स्पर्शाच्या नसा जागवल्या की दुखण्याचा संदेश मेंदूपर्यंत कमी पोहोचतो. त्या कल्पनेत पुढे बरीच भर पडली, पण टेन्स मशीन त्याच वाटेने आलं. म्हणजे मशीन चालू असताना आणि बंद केल्यावर थोडा वेळ दुखणं दबतं. मुंग्या येणं हे नसांना करंट लागल्याचं लक्षण, रक्त फिरल्याचं नव्हे. आणि झिजलेल्या कुर्चेला, म्हणजे गुडघ्यातल्या गादीला, यातून काही मिळत नाही. गादीबिदी तयार होत नाही.

याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी शिबिरवाल्यांच्या पथ्यावर पडतात. एक, गुडघेदुखी कायम सारखी नसते. कधी चढते, कधी उतरते. माणूस शिबिराला जातो तो फार दुखायला लागल्यावर, मग पुढच्या काही दिवसांत ते आपोआप उतरलं तरी श्रेय मशीनला. दोन, तेच तसंच रोज लावत राहिलं की शरीराला त्याची सवय होते आणि परिणाम बोथट होत जातो. शिबिरात पोरं रोज नॉब थोडा पुढे सरकवत, म्हणून तिथे ते कळलं नाही. घरी कळलं, तोवर हॉल रिकामा झाला होता.

मशीन मी दुकानात नेऊन उघडलं. शेजारच्या दोघांना उभं केलं आणि सील तोडण्याआधीपासून मोबाइलवर शूटिंग केलं, पुढे कोणी म्हणू नये की तुम्हीच आतलं बदललं. खोकं चांगलं जड, पण जड कशाने, तर तळाला हॉट ग्लूने चिकटवलेली लोखंडी पट्टी. तिला एक वायरही जोडलेली नाही, निव्वळ वजनाला. बाजूला एक लहानसा सर्किट बोर्ड, त्यावरच्या आयसीचा, म्हणजे चिपचा, नंबर पॉलिश पेपरने घासून काढलेला. पुढच्या बाजूला बटणं सहा: गुडघा, कंबर, मान, शुगर, बीपी, झोप. आउटपुटला रेझिस्टर लावून मीटरवर फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला झटके किती ते, मोजली. गुडघ्याला १०० हर्ट्झच्या आसपास, शुगरलाही तेवढीच, झोपेलाही तेवढीच. बदलत होता तो फक्त दिव्याचा रंग. साधं दोन चॅनलचं टेन्स मशीन सर्जिकलच्या दुकानात दोन-तीन हजारांत मिळतं, आणि त्यात फ्रिक्वेन्सी खरोखर बदलता येते.

खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, बॅच नंबर नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने औषधांच्या नियमाखाली येतात, आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे उपकरणाच्या लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच किंवा लॉट नंबर, लायसन्स नंबर पाहिजे. बाहेरून आणलेलं असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि आयातीचा लायसन्स नंबर. घेण्याआधी खोकं उलटं करून एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

पैसे गेले ते गेले, पण मला जास्त राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकांना पेसमेकर बसवलाय, गळपट्टीच्या हाडाखाली उंचवटा दिसतो. त्यांनाही खुर्चीत बसवून पट्ट्या लावायला घेतल्या होत्या. बीपी मोजलं, घर कुणाचं ते विचारलं, आणि पेसमेकर आहे का ते नाही विचारलं. त्यांची मुलगी वेळेत पोहोचली म्हणून बरं. मशीनचे झटके पेसमेकरला हृदयाचे ठोके वाटू शकतात आणि त्याचं काम बिघडू शकतं. गरोदर बायकांना पोटावर-कमरेवर, फिट येणाऱ्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय, गळ्याच्या पुढच्या बाजूला, छातीवर, जखमेवर, कॅन्सरच्या गाठीवर किंवा पायात रक्ताची गुठळी असताना हे लावायचं नसतं. शुगरमुळे ज्यांच्या पायाची जाणीव कमी झालीय त्यांना तर करंट किती वाढला तेच कळत नाही. शिबिरात शुगरचे पेशंट रांगेने बसलेले होते, शुगरचं बटण होतं ना!

आईलाही चटका बसला. पट्टीची एक बाजू वाळून उचलली गेली होती, त्यामुळे जेवढा भाग चिकटून राहिला त्यातूनच सगळा करंट जात होता. गुडघ्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लालभडक डाग उठला, मग सोलवटला. फोन केला तर उत्तर आलं, "विष बाहेर पडायलंय, चालू ठेवा." आणि नवीन पट्ट्यांचा सेट १,२०० रुपये. तसल्याच पट्ट्या सर्जिकलच्या दुकानात दोन-तीनशेला येतात.

मग मी पावती वाचली. मशीनचा उल्लेखच नाही. "आरोग्य सदस्यता शुल्क" असं लिहून आकडा आणि खाली न वाचता येणारी सही. पत्ता कोल्हापूरचा. तिथे ओळखीतून चौकशी केली, तर त्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान. मोबाइलवर बोललो तर म्हणाला, "आमचं हेड ऑफिस बेंगळुरूला, तक्रार तिकडं करा. नाहीतर कोल्हापूर कोर्टात या." इकडच्या माणसाला तिकडचा आणि तिकडच्याला इकडचा पत्ता देऊन हद्दीवर झुलवत ठेवायचं, हा आमच्या भागातला जुना खेळ आहे.

या धमकीला घाबरायचं कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता कोल्हापूरचा असो नाहीतर बेंगळुरूचा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं. माईकवरच्या बोलण्याचं म्हणाल, तर १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्यात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे त्यांच्या यादीत संधिवात आहे, आणि जाहिरात म्हणजे फक्त छापलेला कागद नव्हे, तोंडी घोषणाही तिच्यात धरली आहे. म्हणजे हवेत विरणारं बोलणंही पकडता येतं, कोणीतरी मोबाइलवर ते रेकॉर्ड केलेलं असलं की झालं. आमच्या सुदैवाने पुढच्या गल्लीतल्या एका पोरीने आज्जीचा व्हिडिओ काढताना मागचा माईक आपोआप टिपला गेलाय. "गादी परत तयार होते" हे त्यात स्वच्छ ऐकू येतं.

आईला मी फिजिओथेरपिस्टकडे नेलं. बाईंनी टेन्सला नावं ठेवली नाहीत, त्यांच्याकडेही एक आहे. दुखणं फार असेल तर व्यायाम सुरू करण्यापुरता आधार म्हणून कधी लावतो, म्हणाल्या, पण तो इलाज नव्हे. मी नंतर वाचलं त्यावरून दिसतं की बाहेरचे डॉक्टर याहूनही कडक आहेत. अमेरिकेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संस्थेने २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी टेन्स वापरू नका असाच सल्ला दिलाय, आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०२२ मध्ये फायद्याचा पुरेसा पुरावा नाही म्हणून ते देऊ नये असं म्हटलंय. दोघांचा भर व्यायामावर आणि वजन उतरवण्यावर.

बाईंनी आईला पलंगावर पाय लांब करून बसवलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दिली आणि सांगितलं, "मांडी घट्ट करून गुंडाळी खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा." आईने मान वर करून विचारलं, "आणि मशीन कुठंय?" बाई म्हणाल्या, "हीच मांडी तुमचं मशीन, मावशी." आई काही खूश झाली नाही. फुकटच्या खुर्चीत बसून मुंग्या घेण्यात जी मजा होती ती यात नाही, हे मलाही मान्य आहे. पण ती करतेय, कुरकुरत का होईना.

पैशाचं अजून झुलतंच आहे. वकिलाची नोटीस गेल्यावर समोरून फोन आला, अर्धे देतो, मशीन परत करा आणि तक्रार नाही असं लिहून द्या. आईने नाही म्हटलं. एकाच विक्रेत्याने पुष्कळांना असंच फसवलं असेल तर आयोगाची परवानगी घेऊन सगळ्यांच्या वतीने एक तक्रार करता येते, म्हणून वडगाव-शहापुरातली आम्ही काही घरं पावत्या गोळा करतोय. "आरोग्य सदस्यता शुल्क" लिहिलेली पावती तुमच्याही घरात असेल तर ती, मशीनचं खोकं आणि पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्याचा मेसेज, यातलं काहीही टाकू नका.